सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत क्लिनिकल रिसर्च: खान्देशातल्या रुग्णालयांसाठी कामाचा आराखडा

तुमच्या रुग्णालयात झालेल्या शेवटच्या अभ्यासाची सहभागींची यादी काढा आणि फक्त पत्त्यांचा रकाना वाचा. शहरातल्या कॉलन्या, तालुक्याची गावं, हायवेलगतची वस्ती एवढंच दिसत असेल आणि धडगाव, मोलगी, बोराडी, पाल या बाजूचं कोणीच नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे ६९ टक्के, धुळ्यात ३१ टक्क्यांच्या वर आणि जळगावात १४ टक्क्यांच्या आसपास होतं. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी ही माणसं अभ्यासात नसतील तर त्या औषधाचा डोस, दुष्परिणाम आणि उपयोग यांबद्दल जे निष्कर्ष निघतात ते त्यांच्यावर तपासलेलेच नसतात.

संशोधन केंद्र वाढवायचं म्हटलं की बहुतेक संस्था इमारतीच्या नकाशापासून सुरुवात करतात. ते काम सगळ्यात शेवटी ठेवा. सहभागी गळतात ते अंतर, भाषा, मजुरी आणि ऊसतोडीचा हंगाम यांमुळे, आणि त्यांतलं एकही नवीन मजला चढवून सुटत नाही.

आधी रुग्ण मोजा, मग खोल्या

स्पॉन्सरची (अभ्यासाचा खर्च करणाऱ्या कंपनीची) किंवा सीआरओची (तिच्या वतीने अभ्यास चालवणाऱ्या संस्थेची) माणसं फीजिबिलिटीचा, म्हणजे इथे अभ्यास शक्य आहे का याचा, फॉर्म पाठवतात. त्यात ‘वर्षाला असे किती रुग्ण?’ या प्रश्नाला ओपीडीचा आकडा लिहून मोकळं होणं ही सर्रास चूक आहे. आकडा चाळण्या लावत खाली आणावा लागतो. समजा एका तालुक्यात गेल्या वर्षी त्या आजाराचे ४०० रुग्ण नोंदले गेले. प्रोटोकॉलच्या (अभ्यासाच्या लेखी आराखड्याच्या) निकषांत त्यातले १२० बसले. चौकशीत ८० जण वर्षभर गावात राहणारे निघाले. त्यातले ५० तयार झाले आणि शेवटच्या भेटीपर्यंत ३५ टिकले. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण चाळण्या याच आणि याच क्रमाने लावायच्या. तुमचे आकडे प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंदवही, उपजिल्हा रुग्णालयाचं लॅब रजिस्टर आणि आशांच्या याद्या यांतून काढा.

यातली प्रोटोकॉलची चाळणी आपल्या भागात फार जणांना बाहेर टाकते. हिमोग्लोबिन १० च्या वर, बीएमआय १८.५ च्या वर, स्वतःचा स्मार्टफोन, मराठी किंवा हिंदी वाचता येणं, केंद्रापासून अमुक किलोमीटरच्या आत घर या अटी पुण्या-मुंबईत कोणाच्या लक्षातही येत नाहीत. अक्राणीत (धडगाव तालुक्यात) त्याच अटींमुळे निम्मा पाडा गळू शकतो. यातली कोणती अट सुरक्षिततेसाठी आहे आणि कोणती नुसती सोयीची, हे करार होण्यापूर्वी विचारा. सोयीची अट बदलून मिळते, पण ती मागण्याची वेळ हीच. अभ्यास सुरू झाल्यावर प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती करायची म्हणजे पुन्हा मंजुऱ्या आणि महिनोन्‌महिने खोळंबा.

सिकलसेलचा (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचा) एक वेगळा मुद्दा आहे. सातपुड्यातल्या जमातींमध्ये सिकलसेलचं जनुक बऱ्याच प्रमाणात आहे. आजारी माणसाच्या लाल पेशी कमी दिवस जगतात, त्यामुळे त्याचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज) खोटं कमी येतं. वाहकाच्या (जनुक आहे पण आजार नाही अशाच्या) बाबतीतही काही यंत्रपद्धतींवर आकडा चुकतो. मधुमेहाच्या अभ्यासात प्रवेशाचा निकषच एचबीए१सी असेल तर लॅब कोणती पद्धत वापरते हे आधी विचारून घ्या. तसंच प्रायमाक्विनसारखं औषध प्रोटोकॉलमध्ये असेल तर जी६पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) तपासणी स्क्रीनिंगमध्येच, म्हणजे प्रवेशाआधीच्या तपासणीत, घाला.

पहिला अभ्यास निवडताना हाव धरू नका. पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे निरोगी माणसांवर नवं औषध प्रथमच देण्याच्या चाचण्यांसाठी ही जागा नाही. निरीक्षणात्मक अभ्यास, तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या चाचण्या आणि सिकलसेल, क्षयरोग, रक्तक्षय, सर्पदंश असे इथलेच प्रश्न यांपासून सुरुवात करा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही आदिवासी समाजावरचं संशोधन त्यांना थेट उपयोगी पडणारं, म्हणजे उपचार, निदान किंवा प्रतिबंधाचं असावं, अशीच अपेक्षा आहे.

एथिक्स कमिटी आणि ५० किलोमीटरचं गणित

नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९ प्रमाणे एथिक्स कमिटीत (अभ्यास सहभागींच्या दृष्टीने योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीत) किमान ७ सदस्य लागतात. त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि अध्यक्षही बाहेरचाच. एक सामान्य नागरिक, एक महिला, एक कायद्याचा जाणकार आणि समाजशास्त्र, स्वयंसेवी काम किंवा नीतिशास्त्र या क्षेत्रांतली एक स्वतंत्र व्यक्ती हवीच. औषधांच्या चाचण्यांसाठी नोंदणी सीडीएस्कोकडे (केंद्राच्या औषध नियामक संस्थेकडे) फॉर्म सीटी-०१ भरून होते आणि ५ वर्षं चालते. औषधचाचणी सोडून बाकीचं आरोग्य संशोधन असेल तर कमिटीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे, वेगळी. एकीची नोंदणी आहे म्हणून दुसरं काम त्याच कागदावर रेटता येत नाही. अर्ज परत येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

ज्या ठिकाणी स्वतःची कमिटी नाही तिथे दुसऱ्या केंद्राची किंवा स्वतंत्र कमिटी चालते, मात्र ती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या परिघात असावी लागते. खान्देशात ही अट जाचते. धुळ्याची कमिटी नंदुरबारचं केंद्र सांभाळू शकत नाही, अंतर सरळ रेषेतही ५० च्या बरंच वर जातं. जळगावच्या कमिटीच्या परिघात चोपडा आणि यावल येतात, रावेर निसटतं. नंदुरबारहून अक्कलकुवा, तळोदा आत आहेत, धडगाव मात्र अगदी रेषेवर. शिरपूरची धुळ्याशी तीच गत. अशा ठिकाणी एसटीचं अंतर धरू नका. नकाशावर मोजलेल्या अंतराचा कागद फाइलला लावा आणि लेखी खुलासा मिळाल्याशिवाय करारावर सही करू नका.

कमिटीत ‘सामान्य नागरिक’ म्हणून निवृत्त मुख्याध्यापक घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या खुर्चीवर पावरी किंवा भिली बोलणारी, पाड्यावर राहिलेली बाई बसवा. संमतिपत्रकातलं कोणतं वाक्य घरी कसं ऐकलं जाईल हे तिच्याइतकं कोणालाच कळणार नाही. तिचा प्रवासखर्च आणि दिवसाचा मोबदला ठरवून ठेवा. गणपूर्तीला ५ सदस्य लागतात आणि त्यात वैद्यकशास्त्रज्ञ, चिकित्सक, कायद्याचा जाणकार, समाजशास्त्र किंवा स्वयंसेवी क्षेत्रातला सदस्य आणि सामान्य नागरिक असा एकेक हजर असावा लागतो. त्यामुळे प्रत्येक जागेला एक पर्यायी सदस्य नेमलेला बरा, नाहीतर वकीलसाहेब कोर्टात अडकले की बैठक रद्द.

बाकीच्या परवानग्या, आणि त्यांचा क्रम

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदणी पहिला सहभागी घेण्यापूर्वी झालीच पाहिजे, मागाहून चालत नाही. आधीच मान्य असलेलं औषध नव्या उपयोगासाठी डॉक्टर स्वतःहून, बाजारात आणण्याचा हेतू न ठेवता तपासत असतील तर ती शैक्षणिक चाचणी ठरते. तिला सहसा सीडीएस्कोची परवानगी लागत नाही, एथिक्स कमिटीची लागतेच. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना, आणि ती धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आहेत, अभ्यास करायला शिकण्याचा हा चांगला मार्ग आहे.

आदिवासी भागात शिरण्यापूर्वी जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास विभाग यांची लेखी मान्यता घ्या. खान्देशात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत पेसामुळे (तिथल्या पंचायतींच्या खास कायद्यामुळे) ग्रामसभेला वजन आहे, तेव्हा ग्रामसभेत माहिती द्या, ठरावाची प्रत घ्या. सरपंच, पोलीस पाटील, पाड्याचा कारभारी, पुजारा, बडवा (पाड्यावरचा पारंपरिक वैदू) या सगळ्यांना भेटा. बडव्याला टाळून पाड्यावर काम उभं राहत नाही. त्याला विरोधक समजण्यापेक्षा, ताप किंवा पुरळ घेऊन कोणी आलं तर आधी आम्हाला फोन कर, एवढं त्याच्याशी ठरवून घेणं उपयोगाचं. मात्र गावाची परवानगी ही गावात येण्याची परवानगी आहे. प्रत्येक माणसाची संमती वेगळी आणि तीच खरी.

आश्रमशाळांबद्दल विशेष जपा. २०१० च्या सुमारास तेव्हाच्या आंध्रातला खम्मम आणि गुजरातमधला वडोदरा या जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प थांबवावा लागला. अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. शाळा म्हणजे एका जागी दोनशे मुलं, हा मोह मोठा असतो. पालक पाड्यावर किंवा गुजरातेत ऊस तोडत असतील तर ते येईपर्यंत ते मूल अभ्यासात घ्यायचं नाही. ७ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची होकारनोंद वेगळी लागते.

केंद्र, उपकेंद्र आणि बाजाराचा दिवस

रचना तीन पातळ्यांची ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दोन खोल्यांचं उपकेंद्र, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जाणारं फिरतं पथक. बाजाराला माणूस येतोच, त्याच फेरीत भेट उरकली तर त्याचा वेगळा दिवस मोडत नाही. ही तिन्ही ठिकाणं प्रोटोकॉलच्या कागदांत आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीत नावानिशी असली पाहिजेत. मुख्य संशोधक ज्या उपकेंद्रावर प्रत्यक्ष देखरेख ठेवू शकत नाही, ते स्वतंत्र केंद्र समजून तिथे स्वतंत्र संशोधक नेमा.

उपकेंद्राला फार काही लागत नाही, पण जे लागतं ते तडजोडीशिवाय. संमतीसाठी साधारण १० बाय १० फुटांची बंद दाराची खोली, जिथला आवाज बाकड्यावर बसलेल्यांना ऐकू जाणार नाही. कापडी पडदा चालत नाही. सिकलसेलचा वाहक असल्याचं बाहेर कळलं की पोरीचं लग्न अडतं, त्यामुळे ही चैन नव्हे. औषधांसाठी कुलूपबंद कपाट, तापमानाची नोंद आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. नमुन्यांसाठी ओटा, सेंट्रीफ्यूज (नळी वेगाने फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणारं यंत्र) आणि फ्रिज. आपत्कालीन ट्रॉलीत १ मिलीला १ मिलीग्रॅम ॲड्रेनालिन हवं. प्रौढाला तीव्र ॲलर्जीत ०.५ मिली मांडीच्या स्नायूत देतात आणि डोसाचा तक्ता भिंतीवर लावलेला असावा. त्याखेरीज ऑक्सिजन, सलाइन आणि सक्शन. फिरत्या पथकाचा जैववैद्यकीय कचरा परत आणायचाच, आणि तो ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही.

माणसं

कोऑर्डिनेटर बाहेरून आणता येतो, भाषा आणता येत नाही. प्रत्येक उपकेंद्रावर पाड्यावरची दोन माणसं, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, पगारावर घ्या. पगारावर म्हणजे महिन्याच्या, डोक्यामागे नव्हे. ‘एक सहभागी आणला की इतके रुपये’ असा दर आशाला किंवा दुभाष्याला दिला की संमतीचा कणा मोडतो. नकार देणाऱ्यालाही तिसऱ्यांदा जाऊन पटवलं जातं आणि कागदावर सगळं व्यवस्थित दिसतं. मोबदला द्यायचाच तर पूर्ण झालेल्या भेटीचा, घरी जाऊन केलेल्या चौकशीचा द्या. आशांकडे आधीच शासनाच्या कामांचा ढीग असतो, त्यामुळे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून तास ठरवून घ्या.

सगळ्यांचं जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचणी नीट करण्याचे नियम) प्रशिक्षण हवं. पाड्यावरच्या कर्मचाऱ्यांसाठी ते इंग्रजी स्लाइडवर घेऊ नका. चार गोष्टी नाटकासारख्या करून घ्या: संमती, नकार, दुष्परिणामाचा फोन, आणि चुकीच्या माणसाला चुकीची गोळी.

ही शेवटची गोष्ट कल्पनेतली नाही. एका पाड्यावर एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चार जण असणं नेहमीचं आहे आणि इंग्रजी आद्याक्षरं तर अर्ध्या गावाची सारखी. ओळख पटवताना नाव, वडिलांचं नाव, पाडा आणि घरातल्या एका दुसऱ्या माणसाचं नाव, अशा चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. सहभागीला क्रमांकाचं कार्ड द्या, पण त्यावर आजाराचं नाव नको. वयाचाही घोळ असतो. आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली की ती अंदाजे टाकली आहे असं समजा आणि गावात वीज कधी आली, धाकटा भाऊ कधी जन्मला, धरणाचं पाणी कधी चढलं अशा प्रसंगांवरून वय पडताळा. संमतीचं वय १८, त्यात चूक परवडत नाही. पुढे नुकसानभरपाईच्या सूत्रातही वय येतं.

संमती: इथे वेळ घाला

संमतिपत्रक इंग्रजीतून मराठीत येतं आणि तिथेच थांबतं. जळगावच्या पूर्वेकडे लेवा गणबोली, मध्ये अहिराणी, वर पावरी, भिली, मावची, तडवी. यातल्या बऱ्याच बोली लोक लिहीत-वाचत नाहीत, तेव्हा छापील भाषांतराचा हट्ट व्यर्थ आहे. बोलीत बोलायची संहिता तयार करा, ध्वनिमुद्रित करा, मग ती न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ती ऐकून मराठीत उलट उतरवून घ्या. मूळ मजकूर आणि हा मजकूर समोरासमोर ठेवले की कुठे काय बिनसलं ते दिसतं. ‘ही औषधाची चाचणी आहे’ याचं ‘हे चांगलं औषध आहे’ होऊन येतं, ‘कधीही बाहेर पडू शकता’ हे वाक्यच गायब असतं. संहितेच्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक आणि तारीख टाका आणि एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या. दुभाष्याने आयत्या वेळी स्वतःच्या शब्दांत सांगितलेली संमती मॉनिटरपुढे, म्हणजे स्पॉन्सरच्या तपासनिसापुढे, टिकत नाही.

चिठ्ठ्या टाकून गट ठरतो ही कल्पना सगळ्यांना कळते, ती तशीच सांगा. ‘डॉक्टरसुद्धा ठरवत नाही’ हे मात्र वेगळं सांगावं लागतं. रक्ताचा विषय सगळ्यात नाजूक. ५ मिली म्हणजे चहाचा एक चमचा, हे चमचा हातात घेऊन दाखवा आणि एका वेळचं नाही तर पूर्ण अभ्यासात मिळून किती, ते सांगा. रक्त कुठे जातं, उरलेलं काय करतात, विकतात का, हे प्रश्न त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच घ्या. अफवा उठते ती न सांगितलेल्या गोष्टीवरून.

‘समजलं का?’ विचारू नका, उत्तर ‘हो’ येतं, डॉक्टरला नाही कोण म्हणणार. ‘घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल?’ असं विचारा आणि त्यांच्या शब्दांत ऐका. औषध नवं आहे, गट चिठ्ठीने ठरतो, त्रास झाला तर कुठे जायचं, सोडलं तरी दवाखान्यातला इलाज बंद होत नाही: हे चार मुद्दे आले नाहीत तर त्या दिवशी अंगठा घेऊ नका. निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या.

वाचता न येणाऱ्याच्या संमतीला निःपक्ष साक्षीदार लागतो. तो केंद्राचा कर्मचारी नसावा, आणि आमच्या मते सरपंच, पोलीस पाटील किंवा मुकादमही नसावा. ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्याच्यासमोर माणूस नाही म्हणत नाही. बचत गटातली शिकलेली बाई किंवा गावातला कॉलेजचा मुलगा चालतो. साक्षीदार सुरुवातीपासून हजर हवा, शेवटी सहीपुरता बोलावलेला नको. सहीशेजारची तारीख आणि वेळ प्रत्येकाने स्वतः लिहायची. अंगठा देणाऱ्याच्या बाबतीत ती साक्षीदाराने लिहावी. एक प्रत सहभागीला द्यायचीच, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कारण कुडाच्या घरात कागद एका पावसाळ्यात जातो.

नव्या रासायनिक किंवा रेणवीय घटकाची चाचणी असेल आणि सहभागी असुरक्षित गटातले असतील तर संमतीची दृकश्राव्य नोंद बंधनकारक आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांत फक्त आवाजाची. कॅमेरा तिपाईवर, चेहरे आणि कागद दोन्ही चौकटीत, खिडकी पाठीमागे नको. दोन भरलेल्या बॅटऱ्या ठेवा. चित्रीकरण अर्ध्यात बंद पडलं तर ते तसंच ठेवून कारण लिहा आणि प्रक्रिया पहिल्यापासून करा. तुकडे जोडू नका.

रक्ताचा प्रवास

नमुने वाया जातात ते बहुतेक घाटात आणि उन्हात. सीरमची नळी ३० ते ६० मिनिटं उभी ठेवून गोठू द्या आणि रक्त काढल्यापासून २ तासांच्या आत फिरवा. न फिरवलेली नळी धडगावच्या घाटातून आदळत खाली आली की पेशी फुटतात, पोटॅशियम खोटं वाढतं आणि नंदुरबारला बसलेला डॉक्टर घाबरून सहभागीला शोधायला गाडी पाठवतो. म्हणून सेंट्रीफ्यूज वरच हवं. उपाय एवढाच आणि तो महागही नाही.

लॅब मॅन्युअलमध्ये ‘१५०० जी’ (गुरुत्वाच्या १५०० पट जोर) लिहिलेलं असतं आणि तंत्रज्ञ सवयीने ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे) लावतो. दोन्ही एक नाहीत. जी काढायला ०.००००१११८ गुणिले रोटरची त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १५ सेंटीमीटर असेल तर ३००० आरपीएमला सुमारे १५०९ जी मिळतं. १० सेंटीमीटरच्या छोट्या टेबल यंत्रात तेवढ्याच वेगाला १००६ जी. त्रिज्या मोजून तक्ता झाकणावर चिकटवा.

२ ते ८ अंशांच्या डब्यात फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच टाकू नका, नळी कडेला गोठते. पॅक बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की भरा. डब्यात दर १०-१५ मिनिटांनी तापमानाची नोंद करणारा लॉगर असावा आणि त्याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र वर्षाच्या आतलं. पाठवताना तिहेरी आवरण: नळी, मग गळका न होणारा दुसरा डबा आणि त्यात शोषणारा कागद, बाहेर कडक खोकं, वर यूएन ३३७३ ची (जैविक नमुन्यांची) खूण. ड्राय आइस असेल तर यूएन १८४५ चीही, आणि खोकं हवाबंद करायचं नाही, वायू कोंडला तर फुटतं.

उणे ८० चा फ्रीझर मुख्य केंद्रातच ठेवा. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो आणि ही यंत्रं साधारण ३०-३२ अंशांच्या खोलीसाठी बनवलेली असतात. खोलीला दोन एसी, आलटून पालटून. साध्या इन्व्हर्टरवर फ्रीझर टाकला की कॉम्प्रेसर सुरू होताना अनेक पट करंट ओढतो आणि इन्व्हर्टर बसतो. जनरेटर हवा, आणि महिन्यातून एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून तो आपोआप लागतो का ते पाहायचं. धोक्याचा संदेश तिघांच्या मोबाइलवर जावा.

सिकलसेलच्या स्क्रीनिंगबद्दल थोडक्यात. सोल्युबिलिटी टेस्ट (झटपट प्राथमिक चाचणी) वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. ६ महिन्यांच्या आतलं बाळ, तीव्र रक्तक्षय आणि नुकतंच रक्त चढवलेला माणूस यांच्यात ती फसते. पक्कं निदान एचपीएलसीवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ० ते ४० वयाच्या लोकांची तपासणी चालू आहे, तेव्हा ती कार्डं आधी पाहा. त्याच माणसाला पुन्हा टोचू नका.

अभ्यास सुरू होण्यापूर्वी पाण्याने भरलेल्या नळ्या आणि लॉगर घेऊन पूर्ण रस्ता एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसात चालवा. जे मोडायचं ते तेव्हा मोडतं.

भेटींचं कॅलेंडर

दिवाळीनंतर नंदुरबार आणि धुळ्याच्या डोंगरपट्ट्यातली हजारो कुटुंबं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. मध्ये होळीला येतात, भोंगऱ्याच्या बाजारापासून काठीच्या राजवाडी होळीपर्यंतच्या दिवसांत पाडे भरलेले असतात, आणि मग पुन्हा हंगाम संपेपर्यंत कुलूप. म्हणजे मेअखेर परतलेला माणूस दिवाळीपर्यंत साडेपाच महिने हाती असतो. २४ आठवड्यांचा अभ्यास म्हणजे तेवढेच साडेपाच महिने, स्क्रीनिंगला जागाच उरत नाही. या गटासाठी १२ ते १६ आठवड्यांचे अभ्यास घ्या. त्याहून लांबचा असेल तर स्थलांतरात औषध किती दिवसांचं द्यायचं, बारडोलीकडच्या पडावावर भेट कोण घेणार, तिथल्या आरोग्य केंद्राशी काय ठरलं आहे, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून मंजूर करून घ्या. होळीच्या आठवड्यात पथकाची सुट्टी नसावी. भेटी ठेवायच्या मात्र सणाच्या दोन-तीन दिवस आधी, कारण सणाच्या दिवशी रक्त द्यायला कोणी येत नाही आणि मद्य घेतलेल्या माणसाची संमती ग्राह्य नाही.

सपाटीवर वेगळा हिशेब. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, तेव्हा बायकांच्या भेटी त्या आठवड्यात लावल्या की ‘संपर्क नाही’ची ओळ लागते. माहेरचं गाव पहिल्याच फॉर्मवर लिहून घ्या. कापूस वेचणीत सकाळचे तास सोडा. केळीपट्ट्यातला मजूर पहाटे कापणीला जातो आणि दुपारी मोकळा होतो, त्यामुळे उपाशीपोटीच्या तपासण्या त्याच्यासाठी पहाटे पाचला घरी जाऊनच कराव्या लागतात.

जुलै ते सप्टेंबर नाले चढतात. नर्मदाकाठच्या काही गावांना बोटीशिवाय वाट नाही. तिथे तरंगता दवाखाना जातो, त्यांच्याशी वेळापत्रक जुळवा. भेटीची मुदत ±३ दिवस असेल तर ±७ मागा. फोनवर भिस्त ठेवू नका: घरात एक मोबाइल, तो बहुधा मुलाकडे, रेंज टेकडीवर आणि सिम दर हंगामात नवं. किमान तीन जणांचे नंबर घ्या, एक त्यात किराणा दुकानदाराचा. नेट नसताना भरता येईल आणि नंतर चढवता येईल असंच डेटाचं ॲप घ्या.

पैसे

सहभागीला प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि जेवण मिळालं पाहिजे, सोबत आलेल्या माणसालाही. दर एथिक्स कमिटीने ठरवावा, आधार म्हणून रोजगार हमीचा चालू दर घ्या. त्याच दिवशी रोख द्या, व्हाउचरवर अंगठा घ्या. खात्यात टाकले तर केवायसीअभावी खातं बंद असतं आणि ते काढायला अक्कलकुव्याला जाण्यात दुसरी मजुरी बुडते. पूर्ण रक्कम शेवटच्या भेटीला राखून ठेवणं म्हणजे माणसाला बांधून ठेवणं, ते करू नका.

स्पॉन्सरकडून बजेट मागताना हमखास राहून जाणाऱ्या बाबी: बोलीची संहिता आणि उलट भाषांतर, दुभाष्यांचे पगार, जनरेटरचं डिझेल, चारचाकी गाडी पावसाळ्यासकट, न आलेल्या सहभागीला शोधायला गेलेल्या फेऱ्या आणि स्क्रीनिंगमध्ये नापास झालेल्यांचा खर्च.

गंभीर त्रास झाला तर

मृत्यू, दवाखान्यात भरती, जिवाला धोका अशी गंभीर घटना कळल्यापासून २४ तासांत संशोधकाने सीडीएस्को, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. कारणमीमांसेचा अहवाल १४ दिवसांत, एथिक्स कमिटीचं मत ३० दिवसांत. पाड्यावर अडचण वेगळीच असते: घटना घडल्याचं संशोधकाला आठवड्याने कळतं. माणूस आधी बडव्याकडे, मग मध्य प्रदेशातल्या खेतियाच्या किंवा गुजरातच्या खासगी दवाखान्यात गेलेला असतो. म्हणून पाड्यावरच्या कर्मचाऱ्याने आठवड्यातून एकदा प्रत्येक सहभागीचं घर पाहायचं. ‘काही त्रास?’ पेक्षा ‘आठवड्यात कुठल्या दवाखान्यात किंवा बडव्याकडे गेलात का, कामाला किती दिवस गेला नाहीत?’ हे विचारायचं. बाहेरच्या दवाखान्याचा कागद, गोळ्यांचं रिकामं पाकीट, सगळं जपून आणायचं.

उपचार मोफत द्यायचेच, गरज असेपर्यंत किंवा त्रास चाचणीमुळे नव्हता हे ठरेपर्यंत. चाचणीशी संबंधित मृत्यूत भरपाईचं सूत्र ८ लाख गुणिले वयाचा गुणक, गुणिले ०.५ ते ४ मधला जोखीम गुणक, भागिले ९९.३७ असं आहे. हे पैसे वारसाला मिळतात, तेव्हा वारसाचं नाव आणि नातं संमतीच्या वेळीच लिहा. दोन बायकांचं घर असेल तर तेही. वर्षानंतर ही चौकशी करायला गेलात तर भांडण लागतं.

रात्री दोनला पाड्यावरून फोन आला तर कोण उचलणार, १०८ कुठपर्यंत येते, तिथपर्यंत झोळीतून कोण आणणार, अतिदक्षता खाट कुठे आणि पावसात तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, याचा एक पानाचा तक्ता प्रत्येक पाड्यासाठी वेगळा करा. वेळ प्रोटोकॉलमधल्या सुरक्षिततेच्या मर्यादेबाहेर जात असेल तर पहिला डोस उपकेंद्रात भरती करून द्या किंवा तो पाडा वगळा.

अभ्यास संपल्यावर

दुसरा इलाज नसलेल्या रुग्णाला औषधाचा फायदा झाला असेल तर संशोधकाची शिफारस, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती यांवर स्पॉन्सरने ते पुढेही मोफत देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. ती करारात लिहून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं असेल तर नियमित रक्ततपासणीसकट तो रुग्ण लेखी पत्राने उपजिल्हा रुग्णालयाकडे सोपवा आणि औषधाचा साठा तिथे आहे का ते स्वतः पाहून या. निष्कर्ष त्याच ग्रामसभेत, त्याच बोलीत सांगा, औषध चाललं नसेल तरीही. वैयक्तिक अहवाल ज्याचा त्याला, बंद खोलीत.

एथिक्स कमिटीला कागदपत्रं अभ्यास संपल्यावर ५ वर्षं जपावी लागतात, स्पॉन्सरच्या करारात केंद्रासाठी याहून मोठी मुदत असू शकते. लाकडी कपाट नको, वाळवी लागते. लोखंडी रॅक भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून फूटभर वर ठेवा, आणि ती खोली पाण्याच्या टाकीखाली येणार नाही एवढं बघा.